दोन दिवसांचा खाडा

रोज सकाळी अकरा वाजता पद्मजा चौगुले जिवाणूंना जेवायला घालते, असं सांगलीत थट्टेनं म्हणतात. थट्टा बाजूला ठेवली तर ते अगदी खरं आहे. गेली अठरा वर्षं ती हे करत आली आहे. काचेचे बारा फ्लास्क, त्यांत चहाच्या रंगाचा पातळ रस्सा आणि त्या रश्शात कोट्यवधी जिवाणू. अकराच्या ठोक्याला ती हातात मोजे चढवते, प्रत्येक फ्लास्कमधला एकेक थेंब नव्या रश्शाच्या फ्लास्कमध्ये टाकते, जुना फ्लास्क उकळून धुवायला देते आणि नोंदवहीत सही करते. नव्या रश्शात मोजून थोडं औषध असतं आणि दर महिन्याला ते किंचित वाढवलं जातं. डॉ. रेहाना तांबोळी यांनी २०२२ साली हा प्रयोग सुरू केला, तेव्हा जिवाणू औषधाला कसे सरावतात हे त्यांना एकेका पायरीनं बघायचं होतं. आता २०४४ उजाडलं होतं. तांबोळीमॅडम चार वर्षांपूर्वी गेल्या, फ्लास्क मात्र चालू राहिले.

जिवाणू काही विचार करून औषधाशी लढत नाही. वीस मिनिटांत एकाचे दोन होतात आणि स्वतःची नक्कल उतरवताना कुठेतरी एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुका फुकट जातात. कोट्यवधींत एखादी अशी निघते की औषध त्या जिवाणूवर चालतच नाही. मग बाकीचे मरतात, चुकलेला उरतो आणि दुसऱ्या दिवशी फ्लास्कभर त्याचीच प्रजा दिसते. दर आठवड्याला पद्मजा प्रत्येक फ्लास्कचा नमुना नखाएवढ्या नळीत भरून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायची. तिथे जिवाणू मरत नाहीत, थांबतात. वीस वर्षांपूर्वीची नळी आज उबेत ठेवली तर ते उठून खायला लागतात. मागचा काळ पुन्हा खेळून बघता येईल अशी ही सोय होती.

बाहेर या कामाची थट्टा करणारे आता कमी झाले होते. दाढ काढायची म्हटलं तरी लोक घाबरत. हर्नियाचं साधं ऑपरेशन डॉक्टर टाळता येईल तितकं टाळत. कारण जखम चिघळली तर द्यायला फक्त एक औषध खात्रीचं उरलं होतं. त्याला सगळे राखीव औषध म्हणत आणि ते द्यायचं तर तीन डॉक्टरांच्या अंगठ्याचे ठसे लागत.

अशा वेळी चार नंबरच्या फ्लास्कनं नवल केलं. बाकीचे अकरा वंश राखीव औषधाला पुरते सरावले होते. चार नंबरही सरावला होता, पण वेगळ्या वाटेनं. त्यानं औषध आत येतं ती दारंच बंद करून घेतली आणि त्या भानगडीत त्याची भिंत पातळ झाली. चाळीस वर्षांपूर्वी दवाखान्यांनी निरुपयोगी म्हणून टाकून दिलेलं एक स्वस्त औषध होतं, त्याच्या थेंबभरानंच तो आता मरत होता. याचा अर्थ सरळ होता. वॉर्डातल्या जिवाणूंना या वाटेवर ढकलता आलं, तर ते आपल्या पायांनी चालत सापळ्यात येणार होते.

पण चार नंबर त्या वाटेला गेला कशामुळे?

संस्थेत वर्षभरापूर्वी वंशवाचक नावाचं यंत्र आलं होतं. गोठवलेल्या नळ्यांतली अक्षरं वाचून, चुका मोजून कोणता बदल कधी झाला ते हे यंत्र सांगे. पूर्वी महिना कळायचा, आता दिवस कळू लागला होता. चार नंबरच्या बाबतीत यंत्रानं तारीख दिली : १२ ते १५ फेब्रुवारी २०३१.

तारीख ऐकताच संचालक डॉ. अभिराम घैसास खुर्चीतून उठले. संस्थेच्या भिंतीवर एक फोटो होता. हळदीनं पिवळी झालेली नवरी मुलगी स्कूटरवर बसली आहे आणि गळ्यात हाराऐवजी लॅबचं ओळखपत्र लोंबतंय. खाली तारीख, १३ फेब्रुवारी २०३१. ती मुलगी म्हणजे पद्मजा.

"हळद!" घैसास म्हणाले. "पद्मजाताई, तुमच्या हातांची हळद फ्लास्कमध्ये गेली!"

"सर, हातात मोजे असतात."

"मनगटाशी मोजा सैल असतो. कणभर पुरेशी होते."

आठवडाभरात बातमी गावभर झाली आणि महिनाभरात देशभर. हळदीच्या बाजारपेठेच्या गावात, हळदीच्या अंगानं, हळदीच्या व्यापाऱ्याच्या सुनेनं शोध लावला होता. आणखी काय पाहिजे? पद्मजाचे सासरे अण्णा चौगुले यांची मार्केट यार्डात हळदीची अडत होती. त्यांनी तो फोटो दुकानात मोठा करून लावला आणि खाली सोनेरी अक्षरांत लिहून घेतलं : 'कर्तव्यावर निघालेली चौगुल्यांची सून'. मिरजेच्या एका हॉस्पिटलात एक जुलैपासून चाळीस रुग्णांवर चाचणी ठरली. राखीव औषध चौदा दिवस सलग द्यायचं, जोडीला हळदीचा अर्क आणि शेवटी ते जुनं स्वस्त औषध.

सगळे पद्मजाचं अभिनंदन करत होते आणि पद्मजाला जेवण जात नव्हतं.

कारण तेरा फेब्रुवारीला ती लॅबमध्ये गेलीच नव्हती.

निघाली होती खरी. मॅडम परिषदेसाठी दिल्लीला होत्या आणि तेव्हा लॅबमध्ये दोघीच काम करत. "तेराला मी करते, चौदाला मुहूर्ताआधी सकाळी करते," असं तिनं मॅडमना सांगितलं होतं. हळद लागली, चुलत भावानं फोटो काढला, स्कूटर सुरू झाली आणि वळणावर फोन वाजला. सन्मतीचा. लग्न ठरून चार महिने झाले होते, पण चार माणसं सोबत असल्याशिवाय दोघं एकदाही भेटली नव्हती. "हरिपूरला संगमावर ये," तो म्हणाला. "पाच मिनिटं. एक विचारायचंय." ती गेली. त्यानं विचारलं, "तुला हे लग्न खरंच करायचंय ना? का घरच्यांनी म्हणून?" त्याचं उत्तर द्यायला दोन तास लागले. त्या दोन तासांवर आपलं लग्न उभं आहे असं पद्मजाला आजही वाटायचं.

घरून फोनवर फोन यायला लागले, तशी ती तिथूनच घरी परतली. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून तिला कुणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. पंधराला हिरव्या चुड्यानिशी ती लॅबमध्ये आली, तेव्हा बारा तारखेचे फ्लास्क तसेच गढूळ होऊन बसले होते. तिनं नवा रस्सा घातला. मग नोंदवही उघडली आणि तेरा व चौदा तारखेसमोर लिहिलं : 'अकरा वाजता नेहमीप्रमाणे.' खाली सही केली.

हरिपूरला गेल्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. लिहिल्याचं मात्र तेरा वर्षं वाटत आलं होतं.

आणि आता यंत्रानं नेमकं त्या दोन दिवसांवर बोट ठेवलं होतं. तिच्या डोक्यात आता तीन दिवस तसेच राहिलेले ते उपाशी जिवाणूच होते. एका दिवसात रस्सा संपतो. पुढचे दोन दिवस खायला काही नाही आणि त्या उबेत औषधही विरून गेलेलं. औषधाशी लढायची जड हत्यारं सांभाळायला अन्न लागतं. उपासमारीत ती हत्यारं बाळगणारेच आधी मेले असणार आणि ज्यांनी ती टाकून दिली ते तगले असणार. पंधराला औषध पुन्हा आलं, तेव्हा या हलक्या झालेल्यांनी घाईघाईत मिळेल तो मार्ग धरला. दारं बंद केली.

असं असेल, तर मिरजेच्या त्या चाळीस जणांना सलग चौदा दिवस औषध देणं म्हणजे जिवाणूंना सरळ वाटेनं वर चढवणं होतं. हळद काही करणार नव्हती. जखमा चिघळणार होत्या आणि शेवटचं औषध हातचं जाणार होतं.

'असं असेल' एवढ्यावर भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती घैसासांच्या खोलीत गेली.

"सर, चाचणीच्या आधी आपण हळद इथे तपासून बघू या. चार नंबरची फेब्रुवारी २०३१ च्या पहिल्या आठवड्याची नळी काढते. चोवीस फ्लास्क. आठांना नेहमीसारखं, आठांत हळद."

"आणि उरलेले आठ?"

"त्यांना दोन दिवस खाडा."

"खाडा कशाला?"

"बघावं म्हणून."

घैसास हसले आणि त्यांनी सही केली. माणूस वाईट नव्हता, फक्त खुशीत होता.

सोळा दिवस पद्मजा रोज अकराला बारा फ्लास्क करायची आणि बाराला चोवीस. हळद तिनं अण्णांच्याच दुकानातून आणली, हळकुंडं स्वतः कुटून. कुणी उद्या म्हणायला नको की भेसळीची होती. सतराव्या दिवशी तिनं प्रत्येक फ्लास्कमधले जिवाणू काचेच्या बशीतल्या घट्ट थरावर पसरले आणि मधोमध त्या जुन्या औषधात भिजवलेली कागदाची चकती ठेवली. औषध चालत असेल तर चकतीभोवती जिवाणू उगवत नाहीत आणि स्वच्छ गोल उरतो.

सकाळी तिनं बशा ओळीनं मांडल्या. नेहमीच्या आठांत एकही गोल नव्हता. हळदीच्या आठांत एकही नव्हता. खाड्याच्या आठांपैकी सहांत चकतीभोवती रुपयाएवढी स्वच्छ जागा होती.

ती खाली बसली. आपलं खरं ठरलं याचा आनंद झाला आणि त्याच क्षणी आता वहीतलं खोटं सांगावं लागणार हेही कळलं. पण उठायला वेळ लागला नाही. बाकीच्या वंशांच्या जुन्या नळ्याही काढून तिनं त्यांनाही खाडा दिला. त्यांच्यात काही घडलं नाही. चार नंबरमध्ये आधीच्या महिन्यात एक लहानसा बदल झालेला होता, तो असेल तरच खाडा लागू पडत होता. यंत्रात वॉर्डातल्या जिवाणूंची यादी होती. तो लहानसा बदल दहांतल्या आठांत होता.

घैसासांनी बशा दोनदा मोजल्या. मग दार लावून घेतलं.

"हळद गेली," ते म्हणाले. चेहरा उतरला होता, पण डोकं चालू झालं होतं. "हरकत नाही. हे त्याहून मोठं आहे. औषधाला मधे विश्रांती. ही तुमची कल्पना म्हणून मांडू."

"कल्पना नाही सर. हे तेव्हा घडलंय. तेरा आणि चौदाला मी आले नव्हते."

घैसासांनी २०३१ ची नोंदवही काढून ते पान उघडलं.

"नोंद आहे तुमची."

"खोटी आहे."

"पद्मजाताई, बावीस वर्षांच्या आठ हजार नोंदी आहेत. दोन खोट्या म्हटल्या की लोक विचारणार, बाकीच्यांचं काय? कशाला उकरता? चार नंबरचं कारण अज्ञात, असं लिहू."

"मला ज्ञात आहे ना. आणि अज्ञात लिहिलं तर हॉस्पिटलची समिती चाचणी थांबवेल का? वहीत काम झालंय म्हणून लिहिलंय, फोटोत हळद दिसतेय. ते म्हणतील, बशीत नाही चालली, माणसात चालेल. मंत्री येणार आहेत उद्घाटनाला."

हे घैसासांनाही माहीत होतं. ते खिडकीशी गेले. "दुरुस्तीचा नियम तुमच्या मॅडमचाच आहे," ते शेवटी म्हणाले. "लाल शाई, आजची तारीख आणि ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्याची साक्षीची सही. त्या दिवशी तुम्ही इथे नव्हता हे कुणी पाहिलंय? नुसत्या तुमच्या शब्दावर समिती म्हणेल, आता पश्चात्तापाचं नाटक करतेय."

तो नियम पद्मजाला पाठ होता. 'चूक लिहा, खोडू नका' हे मॅडमच्या अक्षरात कपाटावर अजून चिकटवलेलं होतं. मॅडमच्या स्वतःच्या लाल नोंदी वहीत जागोजागी होत्या. एक तर तिची आवडती होती : 'आज माझ्या हातून सात नंबर फुटला. आधी रडले, मग पुसलं. साक्ष : पद्मजा.' अशा बाईच्या वहीत आपण खोटं लिहिलं, याची लाज तिला नव्यानं वाटली.

साक्षीदार एकच होता.

दुपारी ती मार्केट यार्डात गेली. सन्मती पोत्यांची थप्पी लावून घेत होता. चारचौघांत ती त्याला 'अहो' म्हणायची, एकटं असलं की 'तू'. त्याला मागच्या खोलीत नेऊन तिनं सगळं सांगितलं.

"घरी जाऊन मग फ्लास्कचं करते म्हणालीस की तू मला!" तो म्हणाला. "मी तेरा वर्षं तेच धरून बसलोय."

"घरून परत निघताच आलं नाही."

"आणि ही हळदीची बोंब उठली तेव्हा का नाही बोललीस?"

"तेव्हा नुसतं वाटत होतं. आता बशा सांगतायत. सही करशील?"

सन्मती पोत्यावर बसला. "काय लिहायचं? हळदीच्या अंगानं नवरी मुलगी नदीवर मला भेटायला आली होती? पद्मा, गाव हसंल. अण्णांनी तो फोटो लावलाय. रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. त्यांना काय तोंड दाखवू?"

"चाळीस माणसं आहेत तिकडं, सन्मती."

"माझ्यानं नाही व्हायचं," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

पद्मजाला रडू आलं, ते तिनं आवरलं नाही. मग तोंड धुतलं आणि थेट पुढच्या गादीवर अण्णांसमोर जाऊन बसली. आपणच सांगितलेलं बरं. तिनं काही लपवलं नाही, नदी नाही, दोन तास नाहीत, वहीतली सही नाही. वरचं पंख्याचं पातं कुरकुरत होतं. अण्णांनी समोरच्या नमुन्यातलं एक हळकुंड उचललं, सवयीनं कडकन मोडलं आणि आतला रंग बघत राहिले.

"माल मोडून बघितल्याशिवाय मी कधी भाव लावला न्हाई," ते सावकाश म्हणाले. "आणि हितं न बघताच बोर्ड लावून बसलो व्हय."

"अण्णा, चुकलं माझं."

"चुकलं की. पर आता काय करणारैस?"

"उद्या सकाळी हॉस्पिटलची समिती लॅबमध्ये येतेय, तिच्यासमोर लाल शाईनं लिहिणार. साक्षीदार असो नसो."

अण्णा गादीवरून उठले. त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि फोटोखालची सोनेरी अक्षरांची पट्टी उपसून काढली. फोटो तसाच ठेवला. "फोटू खोटा न्हाई," ते खाली उतरताना पुटपुटले. "लिवलेलं खोटं हाय." मग हिशेबनिसाला हाक मारून ते रोजच्या कामाला लागले. तिच्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही आणि ते तिला लागलं.

सन्मती त्या रात्री जेवला आणि लगेच झोपायला गेला. सकाळी ती उठायच्या आधीच बाहेर पडला होता.

समितीचे पाच जण लॅबमध्येच आले. हॉस्पिटलच्या प्रमुख बाईंनी बशा पाहिल्या, यंत्राची तारीख पाहिली आणि २०३१ ची नोंदवही मागितली. पद्मजानं ती टेबलावर उघडली. निळ्या शाईतलं 'नेहमीप्रमाणे' अजून ठसठशीत होतं. अकराला वीस मिनिटं होती.

"मला दुरुस्ती करायची आहे," ती म्हणाली आणि लाल पेन उघडलं. तिनं लिहिलं :

'१३ आणि १४ फेब्रुवारी २०३१. या दोन्ही दिवशी काम झालेले नाही. वरील नोंदी मी १५ तारखेला खोट्या लिहिल्या. फ्लास्क तीन दिवस तसेच होते. १३ तारखेला सकाळी अकरा ते एक मी हरिपूरच्या संगमावर होते. पद्मजा चौगुले.'

"साक्ष?" बाईंनी विचारलं.

"साक्ष नाही," पद्मजा म्हणाली. "तरी हे खरं आहे. मला कामावरून काढा, पण ती चाचणी अशी सुरू करू नका. सलग औषध देऊ नका."

बाई घैसासांकडे वळल्या. घैसास खाली बघत होते. "समितीला नियमाबाहेर—" एवढं बाईंनी म्हटलं आणि दार वाजलं.

दारात सन्मती उभा होता. केस विस्कटलेले, चपला हातात, कारण लॅबमध्ये चपला चालत नाहीत एवढं त्याला तेरा वर्षांत ऐकून ठाऊक होतं. पाच अनोळखी चेहरे बघून तो जरा बिचकला.

"संगमावर गेलो होतो," तो पद्मजाला म्हणाला. "बसून आलो थोडा." मग बाईंकडे बघून, "सही कुठं करायची?"

"तुम्ही पाहिलंय? ही त्या वेळी लॅबमध्ये नव्हती?"

"अकरा ते एक माझ्यासमोर होती. पुढं घरी सोडायला मी लांबून मागं मागं गेलो होतो. चौदाला तर हिचं लग्नच होतं, सगळ्या गावानं पाहिलंय." त्यानं लाल पेन घेतलं. लिहिता लिहिता तो थांबला. "इथं नातं लिहायचंय."

"लिहा की. नवरा," पद्मजा म्हणाली.

घैसासांनी चष्मा पुसला. बाईंनी फोन काढून हॉस्पिटलला सांगितलं की एक तारखेची चाचणी थांबवा, ती नव्यानं आखायची आहे. पद्मजाला सहा महिने एकटीनं सही करायची नाही, ही शिक्षा तिथल्या तिथेच ठरली. तिनं मान डोलावली. घड्याळात अकरा वाजले, तशी तिनं मोजे चढवले, चार नंबरचा फ्लास्क पुढे ओढला आणि जाता जाता वहीत डोकावली.

सन्मतीच्या गिचमिड अक्षरात लाल शाईनं लिहिलेलं होतं : 'साक्ष : सन्मती अण्णा चौगुले. नाते : नवरा. त्या दिवशी अजून नवरा नव्हतो. तिथेच ठरलं.'